सात नंबर

नकाशात लिहिलंय: अलेप्पो पाइन, नग बारा.
अहमदीच्या जुन्या वसाहतीत, क्लबच्या भिंतीलगत,
एकाच ट्रकमधून एकाच दिवशी उतरवलेली,
सगळ्यांच्या पायाशी तीच काळी ठिबक नळी.
मला फक्त बारा चौकोनांत खुणा करायच्यात
आणि साडेदहाच्या आत सावलीत परतायचंय.

लांबून सगळी सारखीच.
लांबून तर मीही थंकप्पनसारखाच दिसतो.
तीन वर्षं वजदीसाहेब मला त्याच्या नावाने हाक मारायचे
आणि 'ओ' थंकप्पन द्यायचा.

पाइन ओळखायचा तर जवळ जावं लागतं.
सुई चिमटीत धरायची, अगदी बुडाशी,
जिथे तिला पातळ कागदी म्यान असतं,
आणि मोजायचं, एका म्यानात किती.
तीन निघाल्या तर कॅनरी बेटांवरचा.
दोन, तर अलेप्पो, नाहीतर त्याचा इराणी भाऊबंद.
मग मान वर करून शंकू बघायचा:
देठ वाकडा, तोंड उलट्या दिशेला,
पंगतीतून रुसून उठलेल्या जावयासारखं,
तर अलेप्पोच, दुसरा कोणी नाही.

एक, दोन, तीन. दोन-दोन सुया, रुसलेले शंकू.
चार, पाच. बोटं डिंकाने माखली.
सहा. पेन आता बोटांतून सुटेना.

सातव्याखाली आवाज वेगळा होता.
वारा तोच, बुर्गानकडून येणारा, थोडा गॅसचा वास असलेला,
पण इथे तो वस्त्रगाळ होऊन उतरत होता,
आणि सेफ्टी बुटांच्या आत माझे पाय
आपोआप जपून पडायला लागले,
खाली बोंडं असावीत तसे, अनवाणी टाचेत रुतणारी.

खाली बोंडं होती.

सुई ओढली. म्यान नव्हतं.
पेरं होती, एकात एक बसवलेली, हिरवी,
आणि प्रत्येक सांध्यावर बारीकशी दातेरी कडा.
तीच काय ती पानं. भिंग लावलं तरच दिसणारी.

सुरू.
केळशीच्या पुळणीवरचा, ज्याच्याखाली
गणिताचा तास आम्ही कित्येकदा वाळूत पुरला.
पाइनशी याचं काही नातं नाही,
चुलत नाही, मावस नाही, सोयरिकीतलंही नाही.
नर्सरीत कुणीतरी घाईत कुंडी उचलली असणार.

ओहिदुल नळीचं तोंड साफ करत होता.
यादी न बघताच म्हणाला, झाऊ.
थंकप्पनने गाडीतूनच सांगितलं, काट्टाडी.
वजदीसाहेब फोनवर: सनोबर. बाराही सनोबर. लिही आणि ये.

साहेब, सात नंबर वेगळा आहे.
वेगळा म्हणजे चुकीचा?
वेगळा म्हणजे वेगळा.
मग काढावा लागेल. नकाशात नाही ना तो.

मी वर बघितलं. चांगला दोन मजली वाढलाय,
बाकी अकरांपेक्षा हातभर उंच,
खारं पाणी याला सोसतं, ते बिचारे शेंड्याकडून पिवळे पडलेत.
हे सांगितलं असतं तर साहेब म्हणाले असते,
झाडाची शिफारस आणलीस का?

फॉर्मवर एक रकाना असतो, सहसा रिकामा राहणारा.
मी लिहिलं: सात नंबर, तपासणी बाकी.
ऑक्टोबरात लिहिलं. एप्रिलमध्ये परत लिहिलं.
माझी अक्षरं आता त्या रकान्याला सरावलीत,
वरती कोणी वाचत असेल असं वाटत नाही.

काल डबा खाऊन झाल्यावर ओहिदुलने
सातव्याची एक काडी तोडली,
पाठ करून कुठल्यातरी सांध्यावर मोडली, परत जोडली,
आणि माझ्या नाकासमोर धरली: बोल, कोथाय?
म्हणजे हा खेळ तिकडेही होता,
त्याच्या नदीच्या मुखाशी, वेगळ्या चिखलात.

मी भिंगाला हात लावला नाही. ते लबाडी झालं असतं.
म्हटलं, खालून तिसरं पेर.
नाही.
पाचवं?
तो हसला, काडी खिशात घातली,
आणि आठ नंबरची नळी बघायला गेला.